उसनी शेवंती

स्पर्धेच्या नियमावलीत पाचव्या क्रमांकाला लिहिलं होतं, 'परसबागेत किमान चाळीस कुंड्या असाव्यात.' माझ्याकडे सव्वीस होत्या. पुढं जे काही घडलं ते या कमी पडलेल्या चौदा कुंड्यांमुळं घडलं, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. आता सांगत नाही. कुंड्यांनी काही केलं नव्हतं.

पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षं लिपिक होतो, शेवटची सहा मुख्य लिपिक. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वावरात किती पाणी गेलं हे लिहिलं, म्हणून निवृत्तीनंतर पुसदच्या घरामागच्या तीन खणांच्या जागेत स्वतः पाणी घालायला लागलो. जूनमध्ये वांगी, गणपतीच्या सुमाराला झेंडू, दिवाळीनंतर मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात प्रत्येक कुंडीला ओल्या पोत्याचा पदर. विमल, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणायची की मी वांग्याशी जितक्या नरमाईनं बोलतो तितक्या नरमाईनं घरात एकदाही बोललो नाही. वांगी उलट बोलत नाहीत हे मी तिच्या लक्षात आणून दिलं नाही.

तर त्या नोव्हेंबरात 'हिरवळ मित्रमंडळ' नावाच्या संस्थेनं घरगुती परसबाग स्पर्धा जाहीर केली. मंडळाचं कार्यालय एका झेरॉक्सच्या दुकानात, मशीनच्या मागं होतं. तिथं राखी नावाची एक मुलगी अर्ज घ्यायची. मी अर्ज नीट, शाईच्या पेनानं भरून नेला. तिनं घराच्या कराची पावती मागितली. पावती पाहिली आणि म्हणाली की घर तर विमल गावंडे यांच्या नावावर आहे, मग बळीराम गावंडे कसे भाग घेणार? बाग मी करतो, घर नावाला तिचं आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकलं आणि मला नवा अर्ज दिला. चौतीस वर्षं मी हेच काम केलं होतं. समोरच्याचं म्हणणं शांतपणे ऐकायचं आणि नवा अर्ज द्यायचा. ते स्वतःवर आल्यावर कसं वाटतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

अशा रीतीनं सौ. विमल बळीराम गावंडे स्पर्धक झाल्या. अर्जाच्या खाली 'सहाय्यक (असल्यास)' असा एक रकाना होता, त्यात मी मावलो.

आता चौदा कुंड्या. माझे मित्र बाबाराव हे निवृत्त कृषी सहायक. त्यांनी तीन क्रोटन दिले आणि त्यासोबत दीड तास सल्ला दिला. पलीकडच्या गल्लीतले जफरभाई गाड्या दुरुस्त करतात. त्यांची झाडं बॅटरीच्या खोक्यात आणि ऑइलच्या डब्यात होती. ते डबे नियमात 'कुंडी' म्हणून बसतात का, असा प्रश्न निघाला. मग त्यांच्या बायको अकीलावहिनींनी पाच डब्यांना गेरू लावून दिला आणि प्रश्न मिटला. उरल्या सहा. त्या आमच्या भिंतीला लागून राहणाऱ्या राठोडांकडं मागायच्या ठरल्या.

देवसिंग राठोड एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या बायको भुरीबाई फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरच्या. त्यांच्या अंगणातली झाडं माझ्यापेक्षा कमी, पण सगळी धट्टीकट्टी, हे मी कधी मोठ्यानं कबूल केलं नव्हतं. पाच कुंड्या त्यांनी मागताक्षणी दिल्या. सहावी मी बोटानं दाखवली. ती शेवंतीची होती.

ती शेवंती बाजारातल्यासारखी नव्हती. बटणापेक्षा थोडंसंच मोठं पांढरं फूल, पाकळीच्या पाठीवर जांभळट झाक, आणि पान चुरगाळलं की ओवा आणि कापूर यांच्या मधला वास. भुरीबाईंच्या आईनं ती तांड्यावर लावली होती. लग्नात लेकीला सासरी पाठवताना तिनं शेवंतीचं एक पिल्लू ओल्या चिंधीत गुंडाळून ओटीत घातलं. त्याला एकतीस वर्षं झाली. शेवंती काही कायमची उभी राहणारी नाही. फुलं संपली की तिच्या बुडाशी पिल्लं फुटतात, ती वेगळी करायची, नवीन मातीत लावायची, उन्हाळाभर पाण्याच्या रांजणाजवळ सावलीत जपायची, पावसाळ्यात पुन्हा मोठ्या कुंडीत. हे भुरीबाईंनी एकतीस वेळा केलं होतं. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. देवसिंग गमतीनं म्हणायचे की आपल्या घरात पाहुण्यापेक्षा या झाडाची बडदास्त जास्त.

भुरीबाईंनी कुंडीच्या काठावरची माती बोटानं पुसली. मग म्हणाल्या, "आठ दिवसांनं वापस द्या भाऊ. अन् पाणी मीच येऊन घालीन."

या दुसऱ्या वाक्यानं माझा जरा अपमान झाला. ज्या माणसानं अख्ख्या कालव्याच्या पाण्याचा हिशेब ठेवला त्याला एका कुंडीला पाणी घालता येणार नाही? दोन दिवस त्या आल्या, तांब्याभर पाणी बोटांच्या फटीतून घातलं आणि गेल्या. तिसऱ्या दिवशी मी अत्यंत सभ्य शब्दांत सांगितलं की तुम्ही त्रास घेऊ नका. त्या आल्या नाहीत.

परीक्षक दहा डिसेंबरला येणार होते. नऊला राखीचा निरोप आला की मुख्य परीक्षकांच्या घरी लग्न आहे, आता चोवीसला. चोवीसच्या आदल्या दुपारी माकडांची एक टोळी आली आणि माझे टमाटे, बाबारावांच्या एका क्रोटनचा शेंडा आणि अकीलावहिनींचा पुदिना यांचं परीक्षण करून गेली. क्रोटन माकडं खात नाहीत असं बाबारावांचं शास्त्रीय मत होतं. त्या माकडाला ते माहीत नसावं. चोवीसला परीक्षक आलेच नाहीत. नवी तारीख आठ जानेवारी.

इकडं शेवंती उतरायला लागली. पांढरी फुलं पिवळट, मग तपकिरी. आठ जानेवारीपर्यंत कुंडीत नुसत्या काड्या राहतील हे मला दिसत होतं. खरं तर त्या दिवशी मी कुंडी परत द्यायला हवी होती आणि तिच्या जागी काहीही ठेवायला हवं होतं. चाळिसावी कुंडी कोरफडीचीही चालली असती. पण एव्हाना बागेत येणारा प्रत्येक माणूस त्या शेवंतीपाशीच थांबत होता, आणि ती माझी नाही हे मी रोज थोडं थोडं विसरत चाललो होतो.

बाबारावांनी विद्राव्य खत दिलं, दर दोन दिवसांनी एक चमचा. जफरभाईंनी गॅरेजवरची हिरवी जाळी आणून झाडावर सावली केली. अकीलावहिनींनी चहाचा उकळलेला चोथा सुचवला. एका ओळखीच्या गृहस्थानं डोकेदुखीची गोळी पाण्यात विरघळवून घालायला सांगितलं, त्याच्या भावानं म्हणे गुलाबावर करून पाहिलं होतं. यातलं एक करावं आणि बाकीच्यांचं मन मोडावं, हे मला जमेना. मी सगळं केलं. एकाच आठवड्यात.

आणि गंमत म्हणजे झाड उसळलं. पानं काळीशार हिरवी झाली, नव्या कळ्या निघाल्या, ज्या कधी जानेवारीत निघायच्या नव्हत्या. बाबाराव आपल्या साडूला घेऊन पाहायला आले. विमलनं एकदा कुंडीत बोट घातलं आणि म्हणाली, "पाणी लय होऊन राह्यलं वाटते. विचारा ना भुरीबाईले." मी तिला म्हटलं की तू स्पर्धक आहेस, तांत्रिक बाजू सहाय्यकाला पाहू दे.

आठ जानेवारीला परीक्षक खरंच आले. एक गृहस्थ होते, ते पूर्ण वेळ फोनवर बोलत होते. दुसऱ्या नुजहत मॅडम, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या. त्यांनी वांगी पाहिली, मेथी पाहिली, गेरू लावलेल्या डब्यांकडं पाहून किंचित हसल्या. शेवंतीपाशी मात्र त्या खाली बसल्या. पान चुरगाळून वास घेतला. मग माझ्याकडं वळून विचारलं, "ही कुठून आणली तुम्ही?"

नियम सातवा होता, 'उसनी आणलेली झाडं आढळल्यास प्रवेश रद्द.' पण खोटं बोलायचं नसतं तर मला गप्प राहता आलं असतं. 'शेजारून पिल्लू आणलं' म्हटलं असतं तरी अर्धं खरं झालं असतं. विमल आत चहा करत होती. भिंतीपलीकडं भुरीबाईंच्या घरात कुकरची शिट्टी होत होती.

मी म्हणालो, "घरचीच आहे. माझ्या आईनं लावलेली."

माझ्या आईनं आयुष्यात तुळससुद्धा लावली नव्हती. झाड म्हटलं की साप, असं तिचं साधं गणित होतं. ती बिचारी मरून बारा वर्षं झाली होती आणि तिच्या नावावर मी एक शेवंती चढवली. नुजहत मॅडमच्या डोळ्यांत एकदम आदर आला. त्यांनी वहीत चार ओळी लिहिल्या, फेब्रुवारीत एक पिल्लू द्याल का, असं विचारलं. अवश्य, असं मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची झाडं परत द्यायला निघालो तर राखीचा फोन आला. छायाचित्र काढायला माणूस येणार, बक्षीस समारंभापर्यंत बाग आहे तशी ठेवा. समारंभ सव्वीस जानेवारीला. संक्रांतीला भुरीबाई तिळगूळ घेऊन आल्या. शेवंतीजवळ गेल्या, मातीला हात लावला.

"माती ओली हाय भाऊ," त्या म्हणाल्या. "नेऊ का आता? पिल्लं अलग करा लागतात. उशीर झाला."

मी सांगितलं, सव्वीसनंतर मी स्वतः आणून देतो. त्या बरं म्हणाल्या. निघताना कुंडी उन्हाकडं थोडी सरकवून गेल्या. त्या गेल्यावर मी ती पुन्हा जाळीखाली आणली, कारण फोटोवाला जाळीखालून बरा फोटो येईल असं म्हणाला होता.

वीस तारखेला खालची पानं काळी पडली. बाबारावांनी निदान केलं, पाणी कमी पडलं. मी पाणी घातलं. एकवीसला त्यांनी निदान बदललं, पाणी जास्त झालं. बावीसला मी कुंडी आडवी करून माती बाहेर काढली. मुळं उरली नव्हती. तपकिरी चिखल झाला होता आणि त्याला घाण वास येत होता. बुडाशी सात पिल्लं फुटली होती. मोजली मी. हात लावला की एकेक पिल्लू निखळून हातात येत होतं. चार काड्या छाटून मी वाळूत लावल्या, त्याही दोन दिवसांत काळ्या झाल्या.

अशा वेळी भला माणूस काय करतो ते मला माहीत आहे. मी जफरभाईंची व्हॅन घेऊन नर्सरी शोधायला निघालो.

पुसदच्या नर्सऱ्यांमध्ये पिवळ्या आणि जांभळ्या शेवंत्या होत्या. कोणीतरी कळंबच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीचं नाव सांगितलं. इतक्या दूर शेवंतीसाठी जातोय हे विमलला सांगता येईना, म्हणून कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला जातो म्हणालो आणि मग दर्शनालाही जावं लागलं. पायऱ्या उतरून गणपतीसमोर उभा राहिलो, पण नक्की काय मागायचं ते ठरेना. सारखी दिसणारी शेवंती मिळू दे, असं देवाला सांगायची लाज वाटली. नुसता नमस्कार करून वर आलो.

जफरभाई बाहेर माझ्या चपला सांभाळत बसले होते. परत व्हॅनकडं जाताना ते म्हणाले, "गावंडेजी, सीधा जाके बोल दो ना भाभीको."

मी म्हटलं, तुम्हाला समजत नाही, त्या झाडामागं त्यांची आई आहे.

"इसीलिए बोल रहा हूँ," जफरभाई म्हणाले. "मेरे हाथ से किसीका पार्ट टूटा, तो मैं पहले बताता. दूसरा डाल के चुप बैठो, तो गाडी खुद बोलती है."

मी व्हॅनचं दार उघडून आत बसलो. मेकॅनिकनं मुख्य लिपिकाला नीती शिकवावी हे मला त्या क्षणी खटकलं, हे लिहिताना आज त्याची लाज वाटते.

नर्सरीत पांढरी शेवंती मिळाली. फूल दीडपट मोठं, झाक गुलाबी. मी घरी येऊन तिची सगळी फुलं खुडून टाकली, म्हणजे तुलना करायला काही उरणार नाही, आणि ती भुरीबाईंच्या कुंडीत लावली. वरून जुनी माती पसरली. चौतीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केली नव्हती. पहिली केली ती अशी, मातीनं.

सव्वीस तारखेला आम्ही चौघं समारंभाला गेलो. विमल, मी, देवसिंग आणि भुरीबाई. आपली पण झाडं आहेत त्यात म्हणून भुरीबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी आणि त्या शेजारीशेजारी बसलो होतो. दुसरा क्रमांक पुकारला गेला, विमल गावंडे. विमल स्टेजवर गेली. आणि मग निवेदकानं परीक्षकांचा शेरा वाचायला घेतला.

शेरा वाचतील हे मला कोणी सांगितलं नव्हतं. "सासूबाईंनी पन्नास वर्षांपूर्वी स्वहस्ते लावलेली आणि सुनेनं प्राणापलीकडं जपलेली दुर्मीळ शेवंती," असं तो माइकवर म्हणाला. पन्नास वर्षं मी म्हणालो नव्हतो, ती त्यानं स्वतः घातली. पण ही तक्रार मी कोणाकडं करणार? विमल स्टेजवर प्रमाणपत्र हातात धरून माझ्याकडं पाहत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवसिंगनी वाजवल्या नाहीत, ते छताच्या पंख्याकडं पाहत होते. भुरीबाईंनी वाजवल्या. सगळ्यांनी थांबवल्यावर त्यांनीही थांबवल्या आणि हात मांडीवर ठेवले.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, कुंडी आता नेते. मी उचलून देतो म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. कुंडी कमरेवर घेऊन त्या फाटकापर्यंत गेल्या. तिथं थांबून त्यांनी एक पान खुडलं, चुरगाळलं आणि बोटं नाकाशी नेली. मग पदराला बोटं पुसली आणि घरात गेल्या.

विमल चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, "तुमच्या आईले कुंडी म्हटलं की साप दिसे." तेवढंच. प्रमाणपत्र तिनं धान्याच्या कोठीमागं ठेवलं होतं, उलटं.

पुढचे दहा दिवस मी भिंतीकडच्या बाजूला कमी जाऊ लागलो. तरी दिसायचंच. भुरीबाई रोज दुपारी त्या नर्सरीच्या झाडाला पाणी घालायच्या. बोटांच्या फटीतून, अगदी तसंच. शिव्या दिल्या असत्या तर मी दोन दिवसांत सावरलो असतो. हे पाणी घालणं मला बघवेना. अकराव्या दिवशी मी त्यांच्या अंगणात गेलो. देवसिंग बाजेवर पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवला नाही.

मी सगळं सांगितलं. खत, गोळी, जाळी, मुळांचा चिखल, सात पिल्लं, कळंब. सांगताना माझ्या तोंडून 'सदर झाड' असे शब्द येत होते, आयुष्यभराची सवय. भुरीबाई तांदूळ निवडत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी सुपडं बाजूला ठेवलं.

"मले त्याच दिवशी समजलं," त्या म्हणाल्या. "वास नाई आला पानाले."

"मग बोलल्या काहून नाही वहिनी?"

"तुमी सांगसान म्हणून वाट पायली."

मग त्यांनीच विचारलं, "किती पिल्लं होती म्हणले?"

"सात."

"सात," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुपडं घेतलं. "एवढी कधीच नाई फुटली."

तांड्यावर आईच्या घरी अजून शेवंती असेल, तिथून पिल्लू आणू, असं मीच सुचवलं. देवसिंग तेव्हा पहिल्यांदा बोलले की चला. पुढच्या रविवारी जफरभाईंच्या व्हॅनमधून आम्ही चौघं निघालो. जफरभाई गाडी चालवायला आले होते, पण मला वाटतं मी तिथं तरी सरळ वागतो की नाही हे बघायला आले असावेत. वाटेत भुरीबाई बऱ्याच खुशीत होत्या. विहिरीजवळ न्हाणी, न्हाणीच्या पाण्यावर शेवंती, तिच्या मागं केळी, असा सगळा नकाशा त्यांनी विमलला सांगितला. आपली याडी, म्हणजे आई, फुलं केसात कधी घालायची नाही, नुसती येता-जाता पानं चुरगाळायची, असंही सांगितलं.

भावाचं घर आता स्लॅबचं होतं. अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल-करड्या फरशा बसवल्या होत्या. भावजयीनं चहा केला, आग्रह करून जेवायला वाढलं. शेवंतीचं विचारल्यावर ती कावरीबावरी झाली. फरशा बसवल्या त्या वर्षी सगळं काढून टाकलं, ती म्हणाली, कोणाला वाटलं नाही की विचारावं. तरी तिनं आठवून सांगितलं की वरच्या तांड्यावर शकुबाईनं एक रोप नेलं होतं. आम्ही तिथंही गेलो. शकुबाईंनी मोठ्या अभिमानानं आपलं झाड दाखवलं. तो झेंडू होता. त्यांनी इतक्या मायेनं दाखवला की भुरीबाईंनी त्याचं एक फूल मागून घेतलं.

परत येताना ते झेंडूचं फूल भुरीबाईंच्या मांडीवर होतं. पुसद जवळ आल्यावर मला राहवलं नाही, मी म्हणालो, वहिनी, माझं चुकलं. हे मी आधीही म्हणालो होतो, पण तेव्हा त्यात बरीच कारणं होती. भुरीबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फरशा तं तुमी नाई बसवल्या भाऊ." त्या मला दिलासा देत होत्या आणि त्यामुळं मला अजून वाईट वाटलं, कारण फरशा बसवल्या तेव्हा एक शेवंती पुसदला सुरक्षित होती.

मग मी मंडळाला पत्र लिहिलं. 'विषय : शेवंतीच्या मालकीबाबत खरी माहिती सादर करणे व बक्षीस परत करणेबाबत.' दोन प्रती. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की बक्षीस परत घेण्याची तरतूद नियमावलीत नाही, तसेच पत्रावर स्पर्धकाची सही नसून सहाय्यकाची आहे, सबब विचार करता येत नाही. विमलनं दुसऱ्या पत्रावर सही केली, न वाचता. मंडळानं मग मधला मार्ग काढून शेवंतीपुरतं एक वेगळं प्रमाणपत्र पाठवलं, 'श्रीमती पुरीबाई राठोड यांस.' मी दुरुस्तीसाठी पुन्हा निघालो होतो. भुरीबाईंनी थांबवलं. देवसिंग ते वाचून पोटभर हसले, दोन महिन्यांत पहिल्यांदा. "पुरीबाई" म्हणून ते अजूनही हाक मारतात आणि त्या ओ देतात.

नुजहत मॅडमकडं मी स्वतः गेलो. फेब्रुवारीत पिल्लू देतो असं कबूल केलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. त्यांनी वही काढली, आपल्या त्या चार ओळी मला दाखवल्या. पाकळीची पाठ, पानाचा वास, कळ्यांची वेळ, सगळं लिहिलं होतं. 'आईनं लावलेली' या शब्दांपुढं त्यांनी पेन्सिलीनं भुरीबाईंच्या आईचं नाव लिहायला घेतलं आणि मला विचारलं. ते मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षांची शेवंती मी मारली, आणि ती कोणी लावली तिचं नाव एकदाही विचारलं नव्हतं. घरी येऊन विचारलं. सोनीबाई. फोन करून कळवलं.

यंदा मी स्पर्धेत नाही. सव्वीस कुंड्या आहेत, त्यातल्या चोवीस बऱ्या आहेत. बाबाराव अजून सल्ला देतात, मी ऐकतो आणि काहीच करत नाही. माझ्या बागेतली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे असं विमल म्हणते.

त्या नर्सरीच्या शेवंतीला भुरीबाईंनी वर्षभर सगळं केलं. पिल्लं वेगळी केली, उन्हाळाभर रांजणाजवळ जपली, पावसाळ्यात मोठ्या कुंडीत लावली. दिवाळी झाल्यावर ती फुलली. मोठमोठी, पांढरी, गुलाबी झाक असलेली फुलं, वासाला काही नाही. बाजारातल्यासारखी, पण त्यांच्या हातची म्हणून टवटवीत.

परवा दुपारी मी भिंतीजवळ मेथीला पाणी देत होतो. त्यांच्याकडं त्यांची भाची रंजिता आली होती. तिनं फुलं पाहिली आणि विचारलं, मावशी, ही शेवंती कुठली गं?

मी नळी तशीच धरून उभा राहिलो.

"गावंडेभाऊनं देल्ली," भुरीबाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, टोमणा नाही, काही नाही. कोणी विचारलं आणि त्यांनी खरं ते सांगितलं. मेथीच्या वाफ्यात पाणी तुंबून बाहेर वाहायला लागलं तेव्हा विमलनं येऊन माझ्या हातातली नळी घेतली.